वारंवार विचारले जाणारे प्रश्न: डॉक्टरकी आणि पीएचडी, दोन्ही मिळून किती वर्षं लागावीत?

बारावीचा निकाल लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चहाचं पातेलं गॅसवरून उतरत नाही. कुणाचा भाचा, कुणाची नात, कुणी शेजारच्या पोळातल्या (गल्लीतल्या) बेनची मुलगी. मी मायक्रोबायोलॉजीची डॉक्टर. एमबीबीएस, मग एमडी, मग पीएचडी अशा तिन्ही पायऱ्या चढले, त्यामुळे ‘दोन्ही करायचंय’ म्हणणारी मुलं शेवटी माझ्याकडेच येतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून यंदा लिहूनच काढले.

काकू, आधी आकडा सांगा. एकूण किती वर्षं?

अठराव्या वर्षी एमबीबीएसला लागलेल्या मुलाच्या हातात एमडी आणि पीएचडी दोन्ही पडेपर्यंत आजच्या घडीला तेरा ते पंधरा वर्षं जातात. एमबीबीएसची साडेपाच (साडेचार शिकण्याची, एक इंटर्नशिपचं), एमडीची तीन, पीएचडीची चार-पाच. कागदावर बेरीज साडेबारा ते साडेतेरा होते. वरचं वर्ष-दीड वर्ष रांगेत उभं राहण्यात जातं.

माझ्या मते बारा पुरेशी आहेत. आणि हे मी पीएचडीची चार वर्षं पूर्ण धरून म्हणते आहे. कापायचं ते कुठून, ते पुढे सांगते.

अमेरिकेत तर म्हणे आठ वर्षांत एमडी-पीएचडी होते. मग आपल्याकडेच एवढा घोळ का?

हा गैरसमज इतका पसरलाय की याच्यासाठी वेगळी पाटी लावावी.

पहिली गोष्ट, तिथली एमडी म्हणजे आपली एमडी नव्हे. तिथे एमडी ही डॉक्टर होण्याची पहिलीच पदवी, आपल्या एमबीबीएसच्या जागी. म्हणजे तिथलं ‘एमडी-पीएचडी’ हे आपल्या भाषेत एमबीबीएस-पीएचडी झालं. त्याच्यापुढे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं विशेष प्रशिक्षण, आहेच, विषयाप्रमाणे तीन ते सात वर्षं. आणि मेडिकलला जाण्याआधी चार वर्षांचं कॉलेज असतं, तेही मोजा. चार, आठ आणि पुढची किमान तीन. झाली पंधरा. आपल्यापेक्षा कमी कुठे?

आता त्या आठांचा हिशोब. क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानं १९५६ मध्ये ही जोडपदवी सुरू केली. फेरिड मुराद तिथे १९५८ मध्ये दाखल झाले आणि १९६५ मध्ये दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडले. सात वर्षं. पुढे १९९८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९६४ पासून अमेरिकन सरकारच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेनं अशा अभ्यासक्रमांना पैसे द्यायला सुरुवात केली, आधी तीनच ठिकाणी. साचा सगळीकडे साधारण एकच: दोन वर्षं वैद्यकाचा पाया, मधे पीएचडी, शेवटी दोन वर्षं वॉर्डात. वैद्यकाची चार वर्षं होती तेवढीच राहिली. मधली पीएचडी मात्र हळूहळू फुगत गेली आणि एकूण सरासरी सातावरून आठावर आली.

तिथेही यावरून रडगाणं आहेच. एवढं सगळं करून स्वतःच्या नावावर पहिलं मोठं संशोधन-अनुदान मिळतं तेव्हा माणूस चाळिशी उलटून चार-पाच वर्षं पुढे गेलेला असतो. आपल्याकडे त्या वयाचा माणूस विभागप्रमुख व्हायच्या बेतात असतो.

जुन्या काळी दोन वर्षांत पीएचडी व्हायची. आता चार-पाच का?

व्हायची, खरं आहे. कालाआजार या तापावर युरिया स्टिबामाइन हे औषध शोधणारे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी कलकत्त्याचे. त्यांची एमडी १९०२ ची आणि पीएचडी १९०४ ची. तिथलेच डॉक्टर शंभुनाथ डे १९४७ मध्ये लंडनला गेले आणि १९४९ मध्ये पीएचडी घेऊन परतले. पण पटकीचे (कॉलराचे) जंतू आतड्यात एक विष सोडतात, हे ज्या कामानं त्यांनी दाखवलं ते काम लंडनमधलं नव्हे, परत आल्यावर कलकत्त्यात केलेलं, १९५९ मध्ये छापून आलेलं. म्हणजे पदवीला दोन वर्षं लागली आणि कामाला त्यानंतरची दहा.

तेव्हा रुग्णाची लेखी संमती, नैतिकता समितीची मंजुरी, प्राण्यांवरच्या प्रयोगांची वेगळी समिती, संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला, प्रबंधाची चोरी-तपासणी यातलं जवळजवळ काही नव्हतं. यातल्या बहुतेक गोष्टी आल्या हे बरंच झालं. संमती न विचारता सुई टोचण्याचे दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. पण प्रत्येक गोष्टीला आपापले महिने लागतात आणि ते महिने विद्यार्थ्याच्या खात्यातून जातात.

नियम काय सांगतो?

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम: पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुन्हा नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात, म्हणजे आठ. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, एकूण दहा. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा वेगळी. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही अट या नियमांनी काढून टाकली, पण संस्था आपापल्या पातळीवर ती ठेवू शकते, तेव्हा प्रवेश घेताना विचारून घ्या.

किमान तीन आहेत, तर तीनमध्येच उरकू नये का? आमचा मुलगा हुशार आहे.

सगळ्यांचेच असतात.

हुशारीनं परीक्षा लवकर सुटते, प्रयोग नाही. पहिलं वर्ष जातं ते आपण विचारलेला प्रश्नच चुकीचा होता हे कळण्यात. हे विनोदानं म्हणत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांत पहिल्या वर्षाचा प्रश्न तसाच्या तसा प्रबंधात उतरलाय असं क्वचितच झालं. दुसऱ्या वर्षी हत्यारं हातात बसतात. तिसऱ्यात खरा प्रयोग होतो. आणि चौथं वर्ष लागतं तोच प्रयोग पुन्हा करून तोच निकाल येतो का हे बघायला. तीन वर्षांत उरकणारे बहुतेक वेळा हे चौथं वर्ष गाळतात. डॉक्टरानं ते मुळीच गाळू नये, कारण त्याचा निकाल कुणाच्या तरी औषधाच्या चिठ्ठीवर जाऊन बसणार असतो.

त्यात अपघात धरलेलेच नाहीत. माझाच सांगते. टायफॉइडच्या रुग्णांच्या रक्तातून काढलेला आरएनए आम्ही उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवत होतो. चौदा महिन्यांचे नमुने. संस्थेचं नाव सांगत नाही. उत्तरायणाला (संक्रांतीला) सगळी पतंग उडवायला गच्चीवर, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणालाही सगळी गच्चीवर. चौदा जानेवारीला कधीतरी फ्रीझर बंद पडला आणि सोळाला सकाळी कुलूप उघडणाऱ्या शिपायाला फरशीवर पाणी दिसलं. धोक्याची घंटा वाजत असणार, पण ऐकायला होतं कोण? माझ्या बोटांना अजून मांज्याचे काप होते आणि मी ओल्या डब्यांवरची लेबलं वाचत बसले होते. त्या चौदा महिन्यांतलं प्रबंधात एक पानही आलं नाही. तीन वर्षांची मर्यादा असती तर मी तिथेच संपले असते.

मग वेळ नेमका कुठे कापायचा?

दोन पायऱ्यांच्या मधे जिथे माणूस नुसता उभा असतो, तिथे.

एमबीबीएस संपली की नीट-पीजी, म्हणजे एमडीची देशभरातली प्रवेश परीक्षा. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. आदल्या रात्री ती पुढे ढकलली आणि झाली ११ ऑगस्टला. मुलं परगावच्या परीक्षा केंद्रांजवळ लॉजवर उतरलेली होती. परीक्षेनंतर कौन्सेलिंग, त्याच्या फेऱ्या. एमडीचं पहिलं वर्ष सुरू होईपर्यंत इंटर्नशिप संपून किती महिने झाले ते मोजायचं बळ उरत नाही. त्यात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलेल्याला गावातल्या सेवेचं बाँड. ती सेवा मला अजिबात वाया गेलेली वाटत नाही, उलट प्रश्न तिथेच सापडतात. पण ती कधी करायची याचा मेळ पुढच्या प्रवेशाशी बसला पाहिजे.

एमडी संपली की पीएचडीची दुसरी प्रवेश परीक्षा, दुसरी नोंदणी आणि कोर्सवर्क. एमडीत संशोधनपद्धती शिकलेल्या माणसाला पुन्हा तीच संशोधनपद्धती. शेवटी प्रबंध परीक्षकांकडे गेला की वाट बघणं. माझा अकरा महिने पडून होता. त्या काळात मी विभागात मुलांच्या स्लाइड्स तपासत होते आणि आठवड्यातून एकदा टपालाच्या टेबलाशी जाऊन येत होते. टेबलावरच्या भाऊंना शेवटी माझी इतकी दया यायला लागली की मी दारात दिसले तरी ते मान हलवायचे.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे फार कुणी बघत नाही. एमडीच्या तीन वर्षांत प्रबंध असतोच. बहुतेकांचा तो रात्री जागून, ड्युट्यांच्या फटीत लिहिलेला आणि परीक्षेनंतर कपाटात गेलेला. तोच पीएचडीचा पहिला टप्पा म्हणून धरला, त्याच गाइडकडे, त्याच मंजुरीवर, तर वर्षभर सहज वाचतं. एमडी तीन, पीएचडी चार, मधलं एक वर्ष सामायिक, म्हणजे सहा. एमबीबीएसची साडेपाच मिळवा. साडेअकरा झाली. बारा पुरेशी म्हणाले ते असं.

अमेरिकेत मेडिसिनच्या बोर्डानं काहीसं असंच केलंय. संशोधनाच्या वाटेनं जाणाऱ्याला मेडिसिनची रेसिडेन्सी तीनऐवजी दोन वर्षांत करता येते. बदल्यात पुढची तीन वर्षं त्यानं आपला ऐंशी टक्के वेळ संशोधनाला द्यायचा. वर्षं वाचतात, पण तिथेही कात्री संशोधनाला लावलेली नाही.

पीएचडी एमबीबीएसनंतर लगेच की एमडीनंतर?

विषयावर आहे. मायक्रोबायोलॉजी, पॅथॉलॉजी, फार्मॅकॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, कम्युनिटी मेडिसिन या वाटांवर एमडीनंतर केलेलं बरं, कारण एमडीचं काम आणि पीएचडीचं काम एकाच इमारतीत चालतं. एमबीबीएसनंतर थेट जायचं असेल तर दार बंद नाही. विज्ञान संशोधनाच्या फेलोशिपसाठी असलेल्या सीएसआयआरच्या नेट परीक्षेला एमबीबीएसवाले बसू शकतात. फक्त ज्या संस्थेत जायचंय तिचे प्रवेशाचे नियम आधी नीट वाचा.

सर्जरीत जायचंय त्यानं मात्र मधेच चार वर्षं प्रयोगशाळेत जाऊ नये. हात विसरतो. मेडिसिनवाल्याचंही काही प्रमाणात तसंच. माझा एक विद्यार्थी पीएचडीच्या सगळ्या काळात आठवड्यातून एक सकाळ ओपीडीत बसायचा, एक पैसा न घेता. गाइडची कुरकुर असायची. तो परत वॉर्डात गेला तेव्हा त्याला स्टेथोस्कोप कानाला लावताना अवघडल्यासारखं झालं नाही. ही एक सकाळ प्रत्येक एकत्रित अभ्यासक्रमात नियमानं लिहिलेली असावी असं मला वाटतं.

आपल्या देशात दोन्ही एकत्र देणारा अभ्यासक्रम आहे का?

हालचाल सुरू झाली आहे. बंगळुरूच्या आयआयएससीनं २०२२ मध्ये पदव्युत्तर मेडिकल स्कूल आणि रुग्णालय जाहीर केलं. बागची आणि पार्थसारथी या दोन दांपत्यांनी त्याला ४२५ कोटी रुपये दिले. एमडी-पीएचडी अशी जोडपदवी देणं हा त्या योजनेचा गाभाच आहे. विज्ञान संस्थेच्या आवारात रुग्णालय येणं ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे. आजवर आपण नेहमी रुग्णालयाच्या आवारात एक खोली रिकामी करून तिला प्रयोगशाळा म्हणत आलो.

पैशांचं कसं?

पीएचडी करणाऱ्याला मिळणाऱ्या जेआरएफ या फेलोशिपला महिना ३७,००० रुपये, पुढे वरच्या एसआरएफला ४२,०००, हे २०२३ पासूनचे दर. त्यावर घरभाडं. तेच एमडीच्या रेसिडेंटला सरकारी कॉलेजात याच्या दुपटीच्या आसपास मिळतं. म्हणजे एमडी होऊन पीएचडीला जाणाऱ्या डॉक्टरचं उत्पन्न तिशीच्या तोंडावर कमी होतं, नेमकं त्याच्या वर्गातले मित्र अलकापुरीसारख्या महागड्या भागात फ्लॅट बघत असतात तेव्हा. वर्षं किती हा प्रश्न मुळात इथे टोचतो. पोटाला पुरेसं मिळत असेल तर चार वर्षं कुणाला फार वाटत नाहीत.

अमेरिकेत एनआयएचच्या अभ्यासक्रमात फी माफ आणि वर विद्यावेतन असतं. पण ते सरकारी पैसे तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहेत. इथून जाणाऱ्यानं त्या भरवशावर तिकीट काढू नये.

मुलगी आहे. लग्न, मुलंबाळं यात एवढी वर्षं कशी बसवायची?

मुलग्यांच्या आईवडिलांनी हा प्रश्न मला अजून एकदाही विचारलेला नाही.

रजेचे नियम वर सांगितलेच. पण नियमात दोन वर्षं जास्त मिळाली म्हणून प्रश्न सुटत नाही. मुदत वाढते, फेलोशिप त्या प्रमाणात वाढत नाही. माझ्या मते पैसा मुदतीच्या मागोमाग आला पाहिजे. घरच्यांना सांगायचं तर एवढंच की पीएचडीचं वेळापत्रक ड्युटीच्या वेळापत्रकापेक्षा बरंच लवचीक असतं. माझा मुलगा झाला तेव्हा मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात होते. सासूबाई दुपारी त्याला घेऊन प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात यायच्या, मी पाजून परत आत जायची. एमडीच्या ड्युटीत हे जमलं नसतं.

पीएचडी केल्याशिवाय डॉक्टरला संशोधन करता येत नाही का?

येतं. ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या दोघांना कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी १९८५ चं नोबेल मिळालं, दोघेही पीएचडी न केलेले डॉक्टर. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जठरातले जंतू स्वतःच पिऊन बघितले, २००५ मध्ये नोबेल घेतलं. त्यांचीही पीएचडी नव्हती. (जंतू पिण्याचा भाग घरी करू नये.)

पण या मंडळींना कुणीतरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं शिकवलेलं किंवा सांभाळून घेतलेलं होतं. आपल्याकडे पदवीविना तशी सावली मिळणं अवघड आहे, म्हणून मी बहुतेकांना पदवी घ्या असंच सांगते. ज्याला फक्त एक-दोन प्रश्नांचा छडा लावायचाय त्यानं मात्र पीएचडीच्या फंदात पडू नये. चांगला एमडी प्रबंध आणि एक चांगला गाइड त्याला पुरतो.

बडोद्यात राहून आता काय करता येईल?

बरंच. आपल्याकडे एक गोष्ट आहे जी सगळ्याच शहरांत नाही: मेडिकल कॉलेज आणि विज्ञान शाखा एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली. सयाजीराव विद्यापीठ आणि मेडिकल कॉलेज दोन्ही १९४९ ची. कॉलेजच्या एसएसजी रुग्णालयातून निघून काळा घोडा चौकाच्या बाजूला पूल ओलांडला की विज्ञान शाखा. पायी जाण्याजोगं. आणि तरी वर्षानुवर्षं या काठाची मुलं त्या काठाला जात नाहीत.

एमबीबीएसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना आहे, १९७९ पासून चालू. अर्ज करा. दोन महिन्यांत शोध लागत नाही, पण आपल्याला हे आवडतं की नाही ते नक्की कळतं. न आवडल्याचं एकोणिसाव्या वर्षी कळणं हा पुढची चार वर्षं वाचवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग.

आणि हो, वेंकी रामकृष्णन यांचं उदाहरण इथे प्रत्येक पालक देतो, तेव्हा ते पूर्ण द्या. त्यांना इथल्याच मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मिळाली तसे ते तो सोडून सयाजीराव विद्यापीठात फिजिक्सला गेले. १९७६ मध्ये अमेरिकेत फिजिक्सची पीएचडी झाली आणि मग ते पुन्हा दोन वर्षं विद्यार्थी होऊन जीवशास्त्र शिकत बसले. २००९ चं नोबेल त्या दुसऱ्या विषयातून आलं. आजच्या पालकाला विचारलं तर ती दोन वर्षं त्यानं ‘मागे पडलेली’ म्हणूनच मोजली असती.

तुम्हाला स्वतःला किती लागली, काकू?

एमबीबीएस साडेपाच, मग एक वर्ष पीजीची वाट बघण्यात. एमडी तीन. दोन वर्षं ट्यूटरची नोकरी, कारण घरात पैसे हवे होते. पीएचडी सहा, त्यात फ्रीझरचे चौदा महिने आणि टपालाच्या टेबलाचे अकरा. साडेसतरा झाली. शेवटची चिठ्ठी आली तेव्हा भाऊंनी ती टेबलाखालून काढली आणि आधी स्वतःच उघडून वाचली.